वरचं भोक बुजवू नगा

मलाच का सांगाय लावताय रं दर वक्ताला? नानासोनं नवं घर बांधलं, वास्तुशांतीचं जेवान झालं, आता पान खावावं, वाईच आडवं व्हावं... तर न्हाई! ह्यो पठ्ठ्या न्हाणीतला गॅसचा गिझर दावतोय, वरच्या झरोक्याला काच बशिवतोय, आन् वर मलाच म्हणतोय, "तात्या, सांगा की तुमचं ते गिझरचं!" तमाशा हाय व्हय त्यो? माणूस ग्येलंय त्यात! पर तुझ्या हातात ती काच दिसली म्हून सांगतो. बाकीचं इसरा, येवढं ध्येनात ठेवा... वरचं भोक बुजवू नगा!

शहाण्णव सालची थंडी. आमची सई बाळंतपणाला वाईला आल्याली, पोरगी झाल्याली. न्हाणी आमची जुनी. कोपऱ्यात चूल, आन् वर छताच्या बुडाला एक ईट काढून ठेवल्यालं भोक, धूर जायाला. आन् बाळंतिणीला न्हाऊ घालायला सुलाबाई. आता सुलाबाई म्हंजे, तुमाला सांगतो, त्या बाईचं तोंड कवा मिटलंच न्हाई! तेल चोळताना बोलायची, पाणी वतताना बोलायची. "आगं सई, मान वर कर की बया, आन् ऐकलंस का, खालच्या आळीची ती थोरली सून परत म्हायेराला ग्येली म्हनं!" सगळ्या आळीची लफडी आमच्या न्हाणीतनं भाईर याची. मी सोप्यात नात मांडीवर घिऊन बसायचा आन् म्हणायचा, देवा, ह्या बाईला घडीभर गप कर रं!

ऐकलं की देवानं.

बारशाला विहीणबाई आल्या सांगलीस्नं. हातात बाळलेणं असावं का न्हाई? तर गिझर! "व्याही, लाकडाच्या धुरानं आमच्या सुनेचे डोळे जातील हो!" बरं बाई. डोळं तर डोळं. फिटर आला, डबा भिताडावर लावला, गॅसची बाटली न्हाणीतच कोपऱ्यात हुभी केली. काडी लावली की भक्! निळा जाळ, नळातनं कढत पाणी. धूर न्हाई, राख न्हाई. समद्या बायका आ करून बगाय लागल्या. आन् विहीणबाईंची नजर ग्येली वर.

"हे काय? एवढं भोक? बाळंतिणीला वारं लागेल!"

मी म्हणलं, आवं, असू द्या ते. तर म्हणत्यात, "धूरच नाही, मग भोक कशाला?" आन् घडूंचीवर चढून, सोताच्या हातानं, जुनी वाकळ कोंबली की त्यात!

आता मला सांगा, मी शाळा किती शिकलो? पाटी फुटली तवा शाळा बी सुटली! पर जलमभर हिरी खांदल्या, हिरींचा गाळ काडला. जुन्या हिरीत उतरायच्या आदी आमी दोराला कंदील बांधून खाली सोडायचो. कंदील इजला की माणूस खाली सोडायचा न्हाई. तितं धूर असतोय व्हय? वास असतोय? काय सुदिक न्हाई. जाळाला वारं लागतं, माणसाला वारं लागतं, आन् कोंडल्या जागंत जाळ माणसाच्या वाटचं खातो. ह्येच म्या विहीणबाईस्नी सांगितलं. हात जोडून सांगितलं, वरचं भोक बुजवू नगा.

तर बाई कंबरंवर हात ठिऊन म्हणती कशी, "व्याही, तुम्ही किती वेळा बाळंत झालात हो?"

झालं! बायका फिदीफिदी हसल्या. आमची ही बी हसली! लेकीचा बाप, काय बोलणार? नातीला उचललं आन् सोप्यात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिशी सकाळी सई आन् सुलाबाई आत. दाराला आतनं कडी, दाराच्या फटीत बी फडकं. वारं लागंल ना! मी सोप्यात, नात मांडीवर. सुलाबाईची टकळी चालू हुती. खालची सून... तिची सासू... मग मधीच नळाचा आवाज तेवडा राह्यला. म्या म्हणलं, वा! गप बसली येकदाची. बरं वाटलं हो मला! बरं वाटलं... आन् मग ध्येनात आलं. सुलाबाई? आन् गप?

"सई! ए सई!"

आतनं वो न्हाई!

पोरगी टाकली आमच्या हिच्या वटीत, पहार घितली आन् घातली दारात. तर विहीणबाई आडव्या! "अहो, लाज आहे की नाही? बाळंतीण न्हातेय आत! बाईमाणसाच्या न्हाणीचं दार फोडताय?" समदी आळी गोळा. बाजूला सारलं बाईला. दार तुटलं. दोगी बी खाली पडल्याल्या. सुलाबाई दाराकडंच पडली हुती, सई पल्याड. मी सुलाबाईला वलांडून ग्येलो. हो, वलांडून ग्येलो! बापाचं हात हायती, ते लेकीकडंच जात्यात. सईला धोतरात गुंडाळून अंगणात आणली, परत आत ग्येलो, बाटली बंद क्येली, सुलाबाईला वडली.

सईनं उलटी क्येली, डोळं उघडलं. सुलाबाईचं तोंड उघडंच हुतं. आवाज न्हाई.

साताऱ्याचा डाक्टर म्हणाला, "कोंडलेल्या गॅसनं गेली." आन् विहीणबाई? "छे हो, तिला आधीपासून दमा होता!" दमा? त्या बाईला? आळीच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकाय याचं! आन् वर म्हणत्यात, "व्याह्यांनी दार फोडलं, गार वारं लागलं, म्हणून सुनेचं दूध आटलं!" अजून लगनाकार्यात माझी वळख करून देत्यात, "हे आमचे दारफोडे व्याही." आन् मी हसतो. लेक त्यांच्या घरात नांदतीया, हसू नको तर काय करू?

म्हून सांगतो नानासो, बाटली भाईर ठेव, बादल्या भरून घे, जाळ बंद कर, मग न्हायाला जा. आन् ती काच दे हिकडं. वरचं भोक बुजवू नगा!

परवा सांगलीला ग्येल्तो, सईकडं. त्यांनी बी आता गिझर बशिवलाय. हात धुवाय न्हाणीत ग्येलो, सवयीनं वर बघितलं... तर भोक! चांगलं डोकं भाईर निघंल येवडं! सई म्हणाली, सासूबाईंनीच गवंडी बोलवून, सोता हुभं राहून पाडून घितलंय. मी सोप्यात यिऊन बसलो. म्हणलं, आता तरी बाई कायतरी बोलंल. बाईनं चा ठिवला म्होरं आन् म्हणाल्या, "साखर कमी आहे का हो?"

भिताड फोडलं, पर तोंड उघडलं न्हाई.

कोण म्हंजे? इतका येळ काय ऐकत हुतास रं? आमच्या विहीणबाई. चारुलताबाई!