रोझरी संपली की दुसरी

साहेबाने सुलभाचा दंड धरला होता आणि ती चर्चच्या दाराच्या लोखंडी कड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होती, सोडेना. मॅडम गाडीतून ओरडत होती, यल्ला, टाक तिला आत, तमाशा नको. मिस्साला आलेल्या आम्ही बाया नुसत्या उभ्या. सुलभा गाडीत बसली असती तर खलास, परत कुलपात.

मी सिसिल, वसईची, चौथी शिकलेली. नवरा गेला तशी इकडे आखातात, अल ऐनला आले, व्हिलात स्वयंपाकाला. सुलभा शेजारच्या व्हिलात, गुहागरकडची, हिंदू. तिचे मालक, हेच साहेब-मॅडम, आपलेच, मुंबईचे, मराठी बोलणारे, हेही लिहा. ते कामावर निघाले की बाहेरून कुलूप लावायचे, पासपोर्ट मॅडमच्या कपाटात. तिने सुट्टी मागितली की मॅडम म्हणायची, तुला कुठे जायचंय, तू काय ख्रिश्चन आहेस? कारण इकडे बाईला चर्चसाठीच घराबाहेर सोडायचे. तेही फुकट नाही मिळालं. हे चर्च जुनं, बांधलं तेव्हा भोवती नुसती वाळू होती, आणि तेव्हाचे फादर घरोघरी जाऊन एकेका बाईचा शुक्रवार मागून घ्यायचे. आता कायद्यात सगळ्यांना सुट्टी आहे, पण कायदा काय व्हिलाची बेल वाजवायला येतो?

त्या शुक्रवारी त्यांच्याकडे पाहुणे होते, मागचं दार उघडं. मी तिला म्हटलं, ओढणी घे, चल, आज तू ख्रिश्चन. आमच्याबरोबर व्हॅनमध्ये बसवली आणि चर्चमध्ये आणली. फादरांनी एम्बसीला फोन लावला, माणूस अबुधाबीहून निघाला. पण त्याच्या आधी हे दोघं तिला शोधत पोचले.

साहेब म्हणाला, आम्ही हिला घरच्यासारखी ठेवलीय. मी म्हटलं, घरच्या माणसाला कुलपात कोण ठेवतं, तुमच्या आईला ठेवता? तो म्हणाला, म्हातारे, तू गप बस, ही हिंदू आहे, हिचं चर्चमध्ये काय काम? मी म्हटलं, बसायचं काम आहे. आणि मी दारातच गुडघ्यांवर बसले, सुलभाला त्याच्या हातातून खाली ओढली आणि रोझरी, आमची मरियेची जपमाळ, सुरू केली. नमो मरिये कृपापूर्णे. फिलिपिन्सची रोझ पहिली आली, मग केरळच्या, मग सगळ्याच, ज्या त्या आपल्या भाषेत. सुलभाला कुठली रोझरी येणार, ती शुभंकरोती म्हणत होती.

फादर गोव्याचे, भला माणूस, पण घामाघूम झालेला. वाकून कानात म्हणाले, सिसिलबाय, इथे जमाव करता येत नाही, चर्च बंद होईल. मी म्हटलं, फादर, जमाव कुठे, रोझरी आहे. ते म्हणाले, आणि संपली की? मी म्हटलं, दुसरी.

काय सांगू तुम्हाला, जून महिना, फरशी तव्यासारखी. गुडघे सोलले. साहेबाने सिक्युरिटीला हाक मारली, इसको उठाओ. सिक्युरिटी पेशावरचा पठाण, खान, कधी हसताना पाहिला नाही. तो म्हणाला, साब, इबादत के बीच से मैं किसी को नहीं उठाता, खत्म होने दो. साहेब म्हणाला, अरे, ह्या संपवतच नाहीत! खान म्हणाला, तो आप भी बैठ जाओ. आणि त्याने साहेबासाठी खुर्ची आणली, खरंच आणली.

किती झाल्या मोजलं नाही. घसा बसला. एम्बसीचा माणूस आला, बरोबर पोलिसातली बाई, अरबी, तिने आधी सुलभाला पाणी दिलं, मग साहेबाला म्हणाली, पासपोर्ट. एवढंच. मॅडम घरी जाऊन घेऊन आली.

माझी नातवंडं म्हणतात, ग्रॅनी, यू वर सो ब्रेव्ह. ब्रेव्ह कसलं, उठलो असतो तर तिला नेली असती.

आता मी मुलाकडे असते, इथेच अल ऐनला. सुलभा उम्म अल कुवैनला एका शाळेत आया आहे, शुक्रवारी तिला पूर्ण सुट्टी. रोझ दोन वर्षांनी वारली, तिचं हृदय कमजोर होतं. बाकी त्या दिवशी दारात बसलेल्या आम्ही सगळ्या जिवंत आहोत.