लांब की आखूड?

पंक्चर काढून होईपर्यंत नर्सबाई सायकलच्या दुकानातल्या बाकावर टेकल्या होत्या. समोर नवंकोरं हँडल छातीशी धरून एक आजोबा, शेजारी आजी.

“काका, हँडल धरून ठेवणाऱ्या जुन्या दांडीत, म्हणजे स्टेममध्ये, हे बसायचं नाही. मधे जाड आहे,” कारागीर म्हणाला.

“अहो, लांबी मोजून आणलंय!”

“आणि जाडी?” आजींनी विचारलं.

“जाडी कोण मोजतं?”

“नवा स्टेम घ्या. हा लांब, हा आखूड,” कारागीर म्हणाला.

“लांबच द्या. वाकून बसलं की वेग येतो.”

“आणि घरी आल्यावर कंबर कोण चोळतं?”

“तू मधे बोलू नकोस गं.”

“आधी लांब आवळतो. बसा सायकलवर, काका.”

“वा! फक्कड!”

“काय दिसतंय?” आजींनी विचारलं.

“पुढचं चाक.”

“आता आखूड लावा हो.”

“हं... आता रस्ता दिसतोय. तूही दिसतेयस.”

“तीस वर्षं मागून सायकल चालवतेय. मला नुसती तुमची पाठ दिसते.”

नर्सबाईंच्या सायकलचं पंक्चर केव्हाच काढून झालं होतं. त्या उठल्या नाहीत.

“आखूडच राहू द्या,” आजोबा म्हणाले. “आणि ती घंटी काढून टाका.”

“घंटी कशाला काढताय?” कारागिराने विचारलं.

“आता ही शेजारून बोलत बोलत चालवणार. घंटी ऐकू कुणाला येणार?”