राहात्याला बंद पडलेली गाडी

आमची जुनी गाडी चालता चालता कुठं बंद पडेल, ते देवालाही सांगता यायचं नाही. मेकॅनिककडे नेली की मात्र शहाण्यासारखी पळायची. तीच घेऊन आम्ही मेव्हण्यासाठी मुलगी बघायला राहात्याला गेलो. मुलीच्या दारातल्या खड्ड्यात गाडी आदळली आणि बंद! मी स्टिअरिंगवर, म्हातारे सासरे उतरून ढकलतायत, मेव्हणा मागच्या सीटवर.

गलका ऐकून मुलगीच बाहेर आली. खिडकीतून वाकून म्हणाली, "गाडीच्या चावीला केवढा किल्ल्यांचा झुबका लावलाय! घर, कपाट, विहिरीची मोटर... त्याच्या वजनानं चावी फिरती आन् गाडी बंद हुती. आमच्या जीपचं असंच झाल्तं."

झुबका काढला, गाडी सुरू! माझी बायको मेकॅनिकला कपाटाची किल्ली थोडीच देणार? त्याला सुटी चावी मिळायची, म्हणून बिघाड कधी दिसलाच नव्हता.

पोहे झाल्यावर सासऱ्यांनी खुशीत विचारलं, "मग पोरी, आमचा मुलगा कसा वाटला?"

"बाबा, तुमी घामाघूम होऊन गाडी ढकलत हुता आन् हे आत बसून केस विंचरत हुते. गाडीतला बिघाड मी काढला, यांच्यातला तुमीच काढा."