हातावरची लाल माती

शंकरपटात नवऱ्याची, पुंजाजीची बैलजोडी धावणार, म्हणून तिकडची गाडी धरायला झुंबरबाई मेहकरच्या मोटारअड्ड्यावर येऊन बसली होती. मागे दोघे बोलत होते.

“पुंजाजीसारख्या पहिलवानानं कुस्ती सोडून बैलं काऊन धरले बे?”

“साखरखेर्ड्याच्या आखाड्यात जब्बारनं त्याच्या हातावर माती देली. कुस्ती झाली. मंग कळलं, जब्बार तं सकाळीच घरी मेला व्हता.”

“हट! मंग लढला कोन?”

“थेच तं! माती घेतली का लढाच लागते. पटात कोनी माती देत नाही, म्हनून तिकडं गेला.”

झुंबरबाईला सकाळचे आठवले. आज निघताना पुंजाजीने तिच्यापुढे तळहात धरला होता. सगळीकडे काळ्या मातीचे रान, आणि त्याच्या हातावर आखाड्याची लाल माती. “निजेत कोनं देली वं?”

ती मागे वळली. “भाऊ, पट कवा सुटते?”

“सुटला असन, बाई, आतापावतर.”