लई बारीक हेरतो

— न्हाई साहेब, त्या खुर्चीवर नका, तिचा मागचा पाय ढिला हाय. इथं टायरवर बसा. आणि तो माइक जरा खाली ठेवा, त्याच्याकडं बघून मला बोलता येत न्हाई. पंक्चर काढता काढता बोलतो, चालंल ना? हो, मीच तो. सुदर्शन. मागच्या डिसेंबरात तुमच्यासारख्याच एका चॅनलवर दिसलो व्हतो — येडगाव धरणावरचा हेर पकडून देणारा. पकडून कसला देतोय, मला घरची कोंबडी पकडता येत न्हाई. पण खाली पट्टी काय आली व्हती म्हाईत हाय? 'सुदर्शन, सुरक्षा अभ्यासक'. आठवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायची लाज वाटली म्हणून शाळा सोडली — तो मी अभ्यासक. आईनं त्या पट्टीचा फोटो काढून ठेवलाय, अजून पावण्यांना दाखवती.

त्याचं असं झालं. तेव्हा टीव्हीवर सगळीकडं तेच चाललेलं ना — बाहेरच्या देशाचे हेर मोकाट फिरत्यात, सरकार झोपलंय. आमी पण बघायचो जेवताना, घास हातात तसाच राहायचा. तर ते चॅनलवाले धरणं बघत फिरत व्हते, कुठं पहारा न्हाई ते दाखवायला. आमच्याकडं आले तर त्यांच्या नशिबानं पहारेकरी जेवायला गेलेला, आणि पाण्याच्या कडंला तोंबा बसलेला. तोंबा म्हणजे मणिपूरचा पोरगा, पुण्याच्या कॉलेजात शिकतो. थंडीत आपल्याकडं बदकं उतरतात ना, ती मोजायला यायचा. दोन वर्षं मोजून झालेली, ते तिसरं, शेवटचं. आता परदेशी म्हणाल तर ती बदकं — पार हिमालय वलांडून येत्यात, एकाकडं कागद न्हाई. पण बदकांना कोण विचारतंय, आणि तोंबाचे डोळे बारीक.

मग त्या चॅनलच्या मॅडम माझ्याकडं आल्या. विचारलं, हा इथं काय करतो? मी म्हणलो, रोज येतो, दुर्बीण लावून बसतो, लई बारीक हेरतो. झालं. आता आमच्यात हेरतो म्हणजे काय — बेल्ह्याच्या बाजारात गडी बैल हेरतो, सोयरीक घेऊन आलेली बाई चहा पिता पिता घर हेरती. नीट बघून नेमकं ओळखायचं, एवढंच. मी त्याचं कौतुक करत व्हतो, साहेब. पाचशे बदकांत एक निराळं असलं तरी त्याला दिसायचं. त्यांनी माझ्या 'हेरतो'तला 'हेर' तेवढा उचलला.

संध्याकाळी बघतो तर 'येडगावात हेर, सरकार बेखबर'. हिंदीवाल्यांचं 'डॅम पर जासूस'. दोन गृहस्थ भांडतायत — एक म्हणतो हे ह्या सरकारचं अपयश, दुसरा म्हणतो मागच्या सरकारचं — आणि मधल्या चौकोनात मी, तोंड उघडं, हातात पाना. तासभर तेच. हेरतो, हेरतो, हेरतो. तळेघरच्या बहिरूमामाला फोन करायला रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, तरी त्यानं चढून मला केला. म्हणला, भाचं, देश वाचवलास, आता आमच्या एसटीचं पण सांग टीव्हीवर, चार दिवस आली न्हाई. इथल्या पोरांनी नाव पाडलं 'रॉ'. काय रॉ, हवा भरता का — असं. आणि मला, खोटं कशाला बोलू, आवडलं ते. दुसऱ्या दिवशी केस कापून आलो. आठवडाभर इस्त्रीच्या शर्टात पंक्चर काढलं.

तोंबाचं? त्याला ठाण्यात दोन दिवस बसवलं. कागद सगळे नीट, सोडला मग. मला पण बोलवलं, विचारलं तू नेमकं काय पाहिलंस. म्हणलो, बदकं. पण लंकाबाईंनी, ज्यांच्या खोलीत तो राहायचा, त्यांनी दारात त्याची पिशवी आणून ठेवली. आणि गावात ठरलं, ह्याला परत धरणावर बसू द्यायचं न्हाई. मोजणी अर्धी राहिली. कॉलेजनं त्याला ही एक थंडी वाढवून दिलीय. यंदा पुरी न्हाई झाली तर आधीची दोन वर्षं पण पाण्यात. बदकं आलीत परवा. तो न्हाई आला.

आता तुमी म्हणताय, सरकार म्हणतंय हेर नव्हताच, तर मी सांगावं की सरकार झाकतंय. थांबा जरा, खिळा निघतोय — हा बघा. साहेब, शब्दाचा घोळ झाला असं मी सगळ्यांना सांगत आलोय. आईला, पोलिसांना, आत्ता तुमाला. लोक हसतात, मी पण हसतो. पण त्या मॅडमनी पुढं अजून एक विचारलं व्हतं. परदेशी आहे का? आणि मला म्हाईत व्हतं. आमच्या घरी जेवलाय तो, आईची शेंगोळी खाऊन नाकाडोळ्यातनं पाणी काढलंय त्यानं. चक्रवाक कसा ओळखायचा मला शिकवलं. त्याच्या वहीत मदतनीस म्हणून माझं नाव लिहिलंय, पूर्ण नाव, वडलांसकट. आणि मी म्हणलो — 'वाटतो तसा.'

का म्हणजे? मला शाळा सुटल्यापासून कुणी काय विचारलंच नव्हतं, हवा किती भरायची ह्याच्यापलीकडं. न्हाई म्हणलो असतो तर त्या दुसऱ्याकडं गेल्या असत्या. ते मला तेव्हाच दिसलं, चांगलं दिसलं. तेवढ्यासाठी, साहेब. ह्यात सरकार कुठं आलं?

बोलीन की. लावा कॅमेरा. त्याचं नाव तोंबा, तो आपल्याच देशाचा, आणि हे मला त्या दिवशीपण म्हाईत व्हतं. एवढं बोलीन, मध्ये कुठं न कापता दाखवायचं... फोन लावून वर कुणाला विचारताय? तुमच्या ऑफिसात वर कोण बसलंय?... सरकार झाकतंय, हे एक वाक्य आधी बोलायचं? मग त्याचं बघू म्हणता...

न्हाई. टायर झालाय, हवा भरलीय. मला दुकान बंद करायचंय. एकेका घरात जाऊन सांगायचंय, आणि मला उंबऱ्यात उभं राहून बोलायला लई वेळ लागतो. पहिलं लंकाबाईंचं घर. निघा तुमी.