गड्याचं घर

सुलाबाई : चादर अशी न्हाई हातरायची. आदी जशी होती तशीच घाला. किशन भाऊजींच्या बायकोची नजर लय बारीक हाय. पुण्याहून आल्या की पयलं पलंगच बगत्यात.

बन्सीधर : घाल की मग तूच. मला एवढं सांग, जाताना पाव्हण्यांची तोंडं कशी होती?

सुलाबाई : चांगली होती. पोराच्या, माऊलीच्या, बापानं तर दोनदा मनलं, घर लय ऐसपैस हाय मनून. वरच्या खोल्याबी फिरून आले.

बन्सीधर : मी सांगत न्हवतो? किशन माझा सख्खा चुलतभाऊ. तो तिकडं पुण्यात, बंगला वर्षभर कुलपात, किल्ली आपल्याकडं. झाडायचं आपण, पुसायचं आपण. एक दुपार बसलो तर काय झिजला का बंगला?

नीलम : पप्पा, समोरच्या घराचं काय सांगितलं तुमी त्यांना?

बन्सीधर : कोणत्या समोरच्या?

नीलम : आपल्या.

सुलाबाई : नीलम, कपबशा धुऊन घे आदी.

नीलम : धुतल्या. माऊलीच्या आईनं खिडकीतनं बोट दाखवून इचारलं, ते पत्र्याचं घर कुणाचं? तुमी मनलात, गड्याचं हाय.

बन्सीधर : मग काय सांगायला पायजे होतं? की ते आमचं हाय, दोन खोल्यांत सगळे निजतो, आन तुमी बसलात ते दुसऱ्याचं हाय? पाव्हणे चहा पिऊन तरी गेले असते का?

नीलम : आन दारात आजी बसली होती. तिचं काय सांगितलं?

सुलाबाई : मी आत्याबाईंना चारदा मनलं होतं, आत बसा, आत बसा. नातजावई बगायची हौस. ऐकलं न्हाई.

नीलम : आत कामून बसायचं तिनं? इकडंच आणायची होती. एवढ्या खोल्या हायत इथं.

बन्सीधर : तिचं लुगडं बगितलंस का? चार माणसांत तपकीर वढती. खोकायला लागली की थांबत न्हाई. पाव्हण्यांपुढं...

नीलम : त्यांनी इचारलं, ती म्हातारी कोण, तर तुमी मनलात, गड्याची माय.

बन्सीधर : तोंडातनं निघून गेलं. घर गड्याचं मनलं, मग म्हातारी कुणाची सांगू? आन तिला कुठं ऐकू येतंय तितक्या लांबून?

नीलम : येतंय. तिला सगळं ऐकू येतंय.

सुलाबाई : गप बसा दोघंबी. फोन वाजायलाय. रंगनाथदादाचा हाय, पाव्हण्यांबरुबर गेलाय ना तो. हां दादा, बोल... हां... आता? असं कसं मनतेत? बरं. बरं, ठेवते.

बन्सीधर : काय मनला तुझा भाऊ?

सुलाबाई : पोरगी पसंत हाय.

बन्सीधर : मग तोंड कामून उतरलं तुझं?

सुलाबाई : घर पसंत न्हाई. पोराची आई मनती, तुमची पोर एवढ्या मोठ्या घरातली. आमचं गंगाखेडातलं घर दोन खोल्यांचं. सासू, सासरा, दीर, सगळे त्यातच. पोरगी गुदमरून जाईल मनती. नको मनून कळवलं.

नीलम : दोन खोल्या!

सुलाबाई : हसायलीस का रडायलीस ग?

नीलम : काय माहीत. मला बरा वाटला होता तो. सगळे फरशी, गच्ची बगत हिंडत होते, त्यानं एकट्यानं इचारलं, पुढं शिकायचंय का तुला.

बन्सीधर : उद्या सकाळच्या गाडीनं जातो मी गंगाखेडला.

सुलाबाई : जाऊन काय सांगणार?

बन्सीधर : खरं सांगतो. आमच्याबी दोनच खोल्या हायत मनून.

सुलाबाई : आन मग इज्जत ऱ्हाईल का आपली?

नीलम : जाऊ द्या त्यांना, आई.

(दुसऱ्या दिवशी. गंगाखेड. माऊलीची आई धुरपताबाई घरी एकटीच आहे.)

धुरपताबाई : खुर्चीवर बसा, भाऊ. एकच हाय, पण मजबूत हाय. माऊली दुकानावर गेला. पाण्याच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम, सकाळपासून लोक येऊन बसतेत.

बन्सीधर : मी खालीच बसतो, ताई. बरं वाटतंय.

धुरपताबाई : रंगनाथ भाऊंनी निरोप दिला ना?

बन्सीधर : दिला. त्यासाठीच आलो. घर लय मोठं मनून तुमी नको मनलात. पण ताई, ते घर आमचं न्हाई.

धुरपताबाई : मला ठावं हाय.

बन्सीधर : कुणी सांगितलं?

धुरपताबाई : कुणी कशाला सांगंल? देवघरात देव न्हाईत. माणसं बसतेत-उठतेत त्या भिंतीला डोक्याच्या तेलाचा डाग पडतोय, तिथं तर बोट न्हाई उमटलेलं. पोरीला पाणी आण मनलं तर बिचारी गडबडून न्हाणीचं दार उघडून उबी. आमच्या मालकांना काय कळलं न्हाई. ते फरशीतच गुंग.

बन्सीधर : मग घर मोठं हाय मनून कामून कळवलं?

धुरपताबाई : दुसरं काय कळवू? बाप खोटं बोलला मनून? पोरीचं नाव निघालं असतं चार गावांत. घर मोठं मनलं की कुणाचीच मान खाली जात न्हाई.

बन्सीधर : उपकार झाले, ताई. पण आता खरं सांगून टाकतो. ते पत्र्याचं घर माझं. पोरगी त्यातच वाढली. ज्वारीच्या पोत्यांना टेकून कॉलेजचा अभ्यास केला तिनं. तुमच्याकडं तिला काय कमी पडायचं न्हाई.

धुरपताबाई : पोरीची भीती न्हवतीच मला. मी तुमाला भ्याले.

बन्सीधर : मला?

धुरपताबाई : ज्याला स्वतःच्या दोन खोल्यांची शरम, त्याला आमच्या दोन खोल्यांची न्हाई वाटायची का? लेकीला भेटाया आलात तर इथं मांडी घालून बसाल, पण गावाकडं गेल्यावर काय सांगाल? पोरीलाबी मग हळूहळू तसंच वाटाया लागतंय.

बन्सीधर : चुकलं माझं. पाया पडतो.

धुरपताबाई : माझ्या नका पडू. तुमी आमच्या मालकांना मागची विहीर दाखवाया नेलं, तवा मी त्या म्हातारीकडं गेले होते.

बन्सीधर : कवा? मला कुणी बोललं न्हाई.

धुरपताबाई : इचारलं, आजी, ह्या मालकाकडं लय दिवस झाले का?

बन्सीधर : काय मनली ती?

धुरपताबाई : मनली, लय दिवस झाले बाई. मालक चांगला हाय. कवा उपाशी ठेवलं न्हाई. पोरगी तर सोनं हाय, हातची जाऊ देऊ नका. असं मनली आन पदर तोंडाला लावला. मी खाली वाकून बगितलं तर तुमचंच नाक, तुमचंच कपाळ.

बन्सीधर : ताई...

धुरपताबाई : पाणी प्या आदी.

बन्सीधर : मला वाटलं, तिला ऐकू गेलं न्हाई.

धुरपताबाई : माझी सासू लय वर्षं अंथरुणाला होती. तिकडं, त्या खिडकीखाली. एवढ्याशा घरात. मी काय देवमाणूस न्हाई, भाऊ. चिडायचे, भांडी आपटायचे, कवा मरती मनून देवाला इचारायचे. पण कुणी आलं आन मनलं, ही कोण? तर सासूच सांगायचे. तेवढं तरी देणं लागतो ना आपण माणसाचं.

बन्सीधर : मी जातो. बसवंना मला.

धुरपताबाई : रविवारी आमी परत येतो. माऊलीला घेऊन. तुमच्या घरी.

बन्सीधर : मग सोयरीक जमली असं समजू का?

धुरपताबाई : ते रविवारी बगू. आदी तुमच्या आईला सांगा, आमी यायलोत मनून. मला तिच्यापाशी बसायचंय.

*

माय : आलास बन्सी? गाडी उशिरा आली का?

बन्सीधर : व्हय. सुला कुठंय?

माय : बंगला पुसून काढायली परत. नीलम गेली हाताखाली. भाकर झाकून ठेवलीय, चटणी हाय, खा.

बन्सीधर : भूक न्हाई. माय, परवा... न्हाई, काल. काल तू ऐकलंस.

माय : काय ऐकलं?

बन्सीधर : मी तुला काय मनलो ते.

माय : खिडकी समोरच हाय की रे. ऐकायचं मनून न्हाई ऐकलं. आलं कानावर.

बन्सीधर : मग बोल की काहीतरी. शिव्या घाल. ल्हानपणी खेटर फेकून मारायचीस.

माय : तवा तू ल्हान होतास. आता लेकीचा बाप झालास. लगीन जमवायचं मनल्यावर माणूस घाबरतंय. घाबरलं की काहीबाही बोलतंय.

बन्सीधर : आन त्या बाईला तू कामून तसं सांगितलंस? मालक चांगला हाय मनून?

माय : तू सांगितलं तेच सांगितलं. दोघांचं येगळं येगळं पडलं असतं तर पोरीचं मोडलं असतं ना.

बन्सीधर : माय, तुझ्याकडं बगवंना मला.

माय : मग नको बगू. भाकर खा. पाव्हण्यांचं काय झालं ते सांग.

बन्सीधर : रविवारी परत यायलेत. इथं, आपल्या घरी. पोराला घेऊन.

माय : इथं? मग जमलंच मनायचं! अरे, तो पोत्यांचा ढीग बाहीर काढा उद्याच. सतरंजी शेजारनं आणा. भिंतीकडंनं बसवले तर सगळे मावतेत बग. तुझ्या लग्नात किती मावले होते.

बन्सीधर : मावतील, माय.

माय : आन बन्सी...

बन्सीधर : काय ग?

माय : ह्या टायमाला मी कुठं बसू, तेवढं आदीच सांगून ठेव.