पाच फण्यांचा डबा

...नाही, पुढचं वाचू नकोस, मला माहितीय पुढे काय लिहिलंय. "बाईंनी वस्तू ओळखली नाही." हेच ना? मग. बस गं केया, उभ्याने काय वाचतेस, हे काय कोर्ट आहे का — चहा निवतोय तुझा. आणि जर्मनमध्ये बोललीस तरी चालेल मला, माझा स्वतःचा मुलगा जर्मनमध्येच उत्तरं देतो, आता कान तयार झालेत. तुला अ-आ-इ मीच शिकवलं, शनिवारच्या शाळेत, आणि आज तू बर्लिनच्या वकिलांची फाइल घेऊन माझ्यासमोर बसलीस — चांगलं आहे, शिकलीस, मोठी झालीस. पण मी तुला गुरुवारी तीनलाच का बोलावलं ते आधी ऐक. गुरुवारी तीनला आमचे हे क्रांकेनगिम्नास्टिकला जातात, गुडघ्याच्या व्यायामाला, आणि सव्वाचारच्या आत काही येत नाहीत. तेवढ्यात काय ते बोलून घेऊ. तुमच्या ऑफिसची तीन पत्रं आली ह्यांच्या नावानं, तिन्ही मी टपालपेटीतून काढली. हो, मीच. म्हणून तर फोन केला तुला, चौथं यायच्या आत.

दे तो फोटो इकडे. हो, हाच. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू — हाच डबा. ह्यांनी केलाय. रिटायर झाल्यावर माणसानं काय करावं — सकाळपासून तळघरात, सोल्डरिंगचा वास वर जिन्यापर्यंत. माझा भाऊ आत्माराम, कऱ्हाडला, त्याच्या मंडळाचा हलता देखावा असतो दर गणपतीत. गेल्या वर्षी कालियामर्दन ठरलं होतं. वर कृष्ण नाचणार आणि खाली नागाचे पाच फणे एकामागून एक उठणार आणि बसणार. मग पाच मोटरी, पाच टायमर, आणि सगळ्यांना ताब्यात ठेवायला हा डबा. ॲल्युमिनियमचा. बघ ना, प्रत्येक वायरीवर ह्यांनी चिठ्ठी चिकटवलीय — फणा एक, फणा दोन — तूच वाचलंस ना ते? गेनाऊ, बरोब्बर. तुमच्या ऑफिसात दुसरं कोण वाचणार. डबा पकडणाऱ्या त्या लोकांनीही कुणाकडून तरी वाचून घेतलं असेल म्हणा, आणि फणा म्हणजे नागाचा म्हटल्यावर काय काय डोक्यात आलं असेल त्यांच्या, देव जाणे. विमानतळावर, हँडबॅगेत, पाच टायमर. आणि न्यायला कोण, तर मुबीन चौगुले.

मुबीन तुला माहीत नाही, तू बर्लिनला गेल्यावरचा तो. चिपळूणजवळचा. इथे ब्राउनश्वाइगला मास्टर्सला आला, मग नोकरी लागली, गाड्यांच्या ब्रेकचं काहीतरी करायचा. इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा आला तेव्हा आडनावावरून सगळ्यांना वाटलं कोल्हापूरकडचा मराठा असेल, नाव सांगितलं तेव्हा दोघातिघांचे चेहरे कसे झाले ते मी बघितलंय. माझा नाही झाला. निदान तेव्हा तरी नाही. दर रविवारी जेवायला यायचा, दोन वर्षं, एक रविवार चुकला नाही. मोदक वळायला बसायचा माझ्या शेजारी, माझ्यापेक्षा सुबक पाकळ्या पाडायचा — म्हणायचा काकू, आमच्याकडे नारळ तोच, तांदूळ तोच, हात तेवढे वेगळे. आणि जेवण झालं की हे दोघं तळघरात. ह्यांना मुलगा मिळाला गं त्याच्यात. आमच्या गौरांगला कधी स्क्रूड्रायव्हर हातात धरायची हौस नव्हती. तिसऱ्या फण्याचा टायमर आहे ना, तो मुबीननं बसवलाय, ह्यांचा हात थरथरायला लागलाय हल्ली.

आल्झो, तर मग. जुलैच्या शेवटी तो घरी निघाला. आणि तुला माहितीच आहे आपल्याकडची पद्धत — कुणी भारतात निघालं की आधी आपल्या डोळ्यांपुढे त्याची बॅग येते. कुणाच्या सासूचं बीपीचं मशीन, कुणाच्या भाचीचे रंग. मंडळाच्या ग्रुपवर यादीच असते, कोण कधी जातंय त्याची, आणि ती यादी मीच ठेवते. मी म्हटलं, मुबीन, डबा नेशील का, मुंबईला आत्मारामचा माणूस येईल घ्यायला. तो मग म्हणाला, काकू, कुरिअर करूया का, माझी जरा जास्तच तपासणी होते नेहमी. हळूच म्हणाला, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी हसले. म्हटलं, अरे गणपतीचं काम आहे, तोच बघून घेईल. आणि वर सांगितलं की चेक-इनमध्ये टाकू नकोस, आपटतात मेले, हातातच ठेव. मग घेतलाच त्यानं डबा. मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं ना आपल्यात, त्याच्यातही नसतं.

विमान बदलायचं होतं मध्ये. तिथे उतरला तो, हे नक्की. पुढच्या विमानात चढला नाही, हेही नक्की. बाकी काही नाही. अकरा महिने. जिथे उतरला तिथले म्हणतात असा माणूस आमच्याकडे नाही. ज्यांनी नेला असं सगळे म्हणतात, ते म्हणतात आम्ही अशा कुठल्याच गुप्त तुरुंगाबद्दल बोलत नाही — नाही म्हणत नाहीत हं, बोलत नाही म्हणतात. इकडचे सरकारवाले म्हणतात तो आमचा नागरिकच नाही. संसदेत प्रश्न, ब्रसेल्सला ठराव, टीव्हीवर चार माणसं टाय लावून भांडतात, आणि पेपरात "मुबीन सी., २९" — आडनाव छापत नाहीत ना इथे, त्याची बदनामी नको म्हणून. माणूस गडप केला तरी चालतो, आडनाव तेवढं जपायचं.

आणि आमचे हे. दर शनिवारी अकरा ते एक, श्लॉससमोर, त्या राजवाड्यापुढे, "मुबीन कुठे आहे" लिहिलेला बोर्ड गळ्यात घालून उभे राहतात. त्या गुडघ्यावर. पावसात, बर्फात. पंधरावीस माणसं असायची, आता सहा उरलीत. मी थर्मासमधून चहा नेते. लोक म्हणतात फ्राऊ प्रभा, तुमची कमाल आहे. आणि परतताना ट्राममध्ये हे प्रत्येक वेळी तेच विचारतात — पण त्याला धरलं कशावरून गं? काहीतरी कारण असेल ना? मी म्हणते, आपल्याला काय कळणार.

हो, त्यांना माहीत नाही. डब्याचं माहीत नाही. इतकं तोंड उघडं ठेवून बघू नकोस माझ्याकडे.

सरकारी चौकशीवाले ते दोघं घरी आले तेव्हा हे बागेत होते, श्रेबरगार्टनमध्ये, काकड्यांना पाणी घालायला. मुबीन जाऊन आठ दिवस झाले होते. एक बाई, एक माणूस. न सांगता बूट काढले दारात, म्हणून मी आत घेतलं — कसली मी पण. बाईनं माझ्या तुळशीचं कौतुक केलं. मग टॅब्लेटवर हाच फोटो. ही वस्तू तुम्ही ह्या माणसाला दिली का? केया, मी बघितला गं फोटो. ह्यांचं अक्षर, फणा मधला तो "फ", ह्यांचा "फ" नेहमी पोट फुगलेला. आणि मी म्हटलं, नाही. मग ती म्हणाली, हे लिहिलेलं वाचता येतं का तुम्हाला? मी म्हटलं, कुठली तरी भारतीय लिपी असेल, भारतात खूप लिप्या आहेत. मी. बारा वर्षं मराठीची शाळा घेणारी. तिनं लिहून घेतलं, थँक्यू म्हणाली, बूट घातले. दहा मिनिटंसुद्धा नाही लागली.

हे काकड्या घेऊन आले तेव्हा मी कणीक मळत होते. म्हटलं, अहो, राहिलंच सांगायचं, मुबीननं जायच्या आधी डबा परत आणून दिला, बॅग जड होत होती त्याची, मी पोस्टानं लावून दिला. बघ, किती पटकन सुचतं. पुढे आत्माराम म्हणाला पोचला नाही, तर ह्यांनी पोस्टाकडे चौकशीचा अर्ज केला. मग दुसरा. मग तिसरा. पोस्टाची माणसं बिचारी दर वेळी नीट लिहून कळवतात की असं पार्सल आमच्याकडे आलेलंच नाही, आणि हे म्हणतात बघ, जर्मनी आता पूर्वीची राहिली नाही.

का म्हणजे? गौरांगसाठी. त्याच्या नोकरीची सुरक्षा तपासणी चालू होती त्याच महिन्यात, आईबापांची नावं, पत्ते, कुठे कुठे प्रवास केला, सगळं भरून दिलं होतं. अशा वेळी हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि मला वाटलं, दोन दिवस ठेवतील, चार प्रश्न विचारतील, सोडून देतील. इथे चूक झाली की पत्र येतं, माफी मागतात, मला वाटलं सगळीकडे तसंच असेल. तू आई झालीस की कळेल तुला.

नाही. खोटं नाही ते. खरंच आहे, गौरांगचं खरंच आहे. पण...

 ऐकायचंय? ऐक. ती बाई म्हणाली "टेरर". मुबीनचं नाव आणि तो शब्द, एका दमात. आणि माझ्या मनात आलं — आपल्याला काय माहीत? दोन वर्षं माझ्या हातचं जेवलेला पोरगा. गौरांगला सुट्टी नव्हती तेव्हा ह्यांच्या ऑपरेशनला दवाखान्यात दिवसभर बसून राहिलेला. आणि माझ्या मनात आलं, कोण कसा असतो, काय सांगावं. चौगुले असला तरी. डबा आमचा होता, मला माहीत होतं आमचा आहे, त्यात नागाचे फणे सोडून काही नाही हे मला ठाऊक होतं — तरी मनात आलं. कुणी मारून मुटकून "नाही" म्हणायला लावलं नाही मला. मनातलंच बाहेर आलं. गौरांगचं कारण मी नंतर जोडलं, कणीक मळताना.

आता तो दुसरा कागद वाच, जो तुम्ही भांडून काढलात सरकारी फाइलमधून. राहू दे, मीच सांगते, मला पाठ झालाय तो काल फोनवर ऐकून. की संशयित अजूनही तेच सांगतो, वस्तू एका वयस्क ओळखीच्या माणसानं धार्मिक उत्सवासाठी दिली. अजूनही. आणि पुढची ओळ — ब्राउनश्वाइगच्या बाईंनी नकार दिल्यामुळे त्याचं म्हणणं विश्वासार्ह नाही. म्हणजे तो खरं बोलतो आणि ते माझं "नाही" त्याच्यासमोर ठेवतात. रोज. त्याला कळलंय, केया. तिथे कुठे आहे ते देवाला ठाऊक, पण काकू नाही म्हणाल्या हे त्याला कळलंय. आणि चिपळूणहून त्याची आई मला फोन करते दर शुक्रवारी, म्हणते तुम्ही दोघं आहात म्हणून धीर आहे. मी म्हणते, धीर धरा.

हो गं, कळलं मला. मी ह्या कागदावर सही केली की तुम्ही कोर्टात जाणार, की डबा ह्यांचा, मी खोटं बोलले, आणि मग इथल्या सरकारला तिकडे मागणी करावीच लागेल. तू तीनदा सांगितलंस. आणि मग पेपरात माझंही पहिलं नाव आणि एक अक्षर. गौरांग जे काय म्हणेल ते म्हणेल. पण हे — हे शनिवारी तो बोर्ड गळ्यातून काढतील आणि माझ्याकडे बघतील, ते मला नाही झेपणार. चाळीस वर्षं संसार केलाय मी त्या माणसाबरोबर. तू म्हणशील तो पोरगा तिकडे — मला माहितीय तिकडे काय करतात, वाचलंय मी सगळं. मला वेळ दे. पुढच्या गुरुवारी ये. त्याच्या पुढच्या. अकरा महिने गेले, दोन आठवड्यांनी काय —

थांब. किल्ली आहे ही. साडेतीन तर झालेत, हे कसे काय — उलटा कर तो फोटो. पालथा, पालथा.

अहो, लवकर आलात? व्यायामवाली बाई आजारी? बरं. ही केया, ओळखलंत ना, आपल्या शाळेतली. बर्लिनहून आलीय. शनिवारी तुमच्याबरोबर उभी राहते म्हणते. पाणी देऊ? काठी इकडे द्या. ते काही नाही हो, तिच्या ऑफिसचे कागद आहेत — अहो, तिचे आहेत ते, दुसऱ्याचे कागद कशाला — चष्मा तरी कुठाय तुमचा —

अहो.

बसा आधी. गुडघ्यावर जोर येतोय. अहो, बसा ना. हो, तोच आहे. तुम्ही केलेलाच. पोस्टानं नाही... मी सांगते सगळं, तुम्ही बसा आधी.

केया, तू नीघ आता. नाही, त्यांच्या हातातून काही घेऊ नकोस. कागदही राहू दे. वाचतायत ते.